पॉइंट-वन सर

हिंजवडीला जा, खराडीला जा, सॉफ्टवेअर कंपनी कुठलीही असो, पॉइंट-वन सर तिथे असतातच. हे नाव अर्थात त्यांच्या माघारी चालतं. फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली की सर खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "पॉइंट-वन येऊ दे रे." पॉइंट-वन आली की, "आधी लोकांना वापरू दे." लोकांनी वापरली की, "आता पुढची येतेच आहे, मग दोनदा कशाला?" एवढ्या तीन वाक्यांवर त्यांनी २०१४ सालचं जावा ८ वर्षानुवर्षं नांदवलं.

सरांना अडाणी समजू नका. त्यांचा व्यासंग दांडगा आहे, फक्त तो सगळा दुसऱ्यांच्या फजितीचा आहे. पायथन ३ आलं २००८ मध्ये, आणि २ ला निरोप द्यायला २०२० उजाडलं, तेही २०१५ चा मुहूर्त पुढे ढकलून. अँग्युलरच्या पहिल्या आवृत्तीत लिहिलेलं दुसरीत चालेना, आणि दुसरीनंतर आली थेट चौथी. "ज्यांना तीन म्हणता येत नाही, त्यांच्या भरवशावर मी बँकेचं काम करू?"

डिसेंबर २०२१ मध्ये तर सरांना दैवच पावलं. लॉगफोरजेमधलं भगदाड उघडकीस आलं आणि जगभरच्या टीम शनिवार-रविवार पॅच लावत बसल्या. सरांचा एक प्रोजेक्ट मात्र अजून लॉगफोरजे १ वर होता. त्याची देखभाल २०१५ मध्येच बंद झालेली. पण ते भगदाड होतं २ मध्ये! सोमवारी सर पेढे घेऊन आले. जुन्यालाही स्वतःची भोकं होतीच, पण तोंडात पेढा असताना ते सांगणार कोण? सर बऱ्याचदा बरोबर निघतात, हीच त्यांच्याबाबतची खरी अडचण.

टीममधल्या एका पोराने तरी धीर केला.

"सर, स्प्रिंग बूट २ चा फुकटचा सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. ३ वर जाऊ या."

"जाऊ. काय काय लागेल?"

"किमान जावा १७. आणि जावाएक्स आहे तिथे बहुतेक ठिकाणी जकार्ता लिहावं लागेल."

हे जकार्ता प्रकरण मजेशीर आहे. ओरॅकलने जावा ईईचा कारभार एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला, पण जावाएक्स हे नाव पुढे वापरू दिलं नाही. वाटणीत धाकट्याला घर मिळावं आणि थोरल्याने दारावरची पाटी उपटून न्यावी, तसं. पाटी बदलायची म्हणजे शेकडो फायली उघडणं आलं, आणि त्या फायली ज्यांच्यावर विसंबलेल्या, त्या परक्या लायब्रऱ्यांची मनधरणीही.

"बरं. आणि स्क्रीनवर काय फरक दिसेल?"

"काहीच नाही, सर."

"म्हणजे क्लायंटला सांगायचं, तीन महिन्यांचे पैसे द्या, बदल्यात काहीही दिसणार नाही?"

पोरगा गप्प. या प्रश्नाला भल्याभल्यांकडे उत्तर नसतं. शिवाय पोराला अपग्रेड प्रोजेक्टसाठी नको, रेझ्युमेसाठी हवंय, असा सरांचा संशय होता. तो खराही होता.

अखेर निर्णय दोघांपैकी कोणीच घेतला नाही. क्लायंटच्या सिक्युरिटी ऑडिटची लाल खुणांनी भरलेली एक्सेल शीट आली, आणि पुढच्याच मीटिंगमध्ये सर म्हणाले, "मी कधीपासून सांगतोय!" मग पोराने रात्री जागवल्या. बिल्ड चालला तर टेस्ट पडत, टेस्ट सावरल्या तर लॉगिन पडे. एकदाचं सगळं लाइव्ह गेलं. स्क्रीनवर खरोखरच काही फरक दिसला नाही. पंधरवड्यात पोराने राजीनामा टाकला. रेझ्युमेत पहिल्याच ओळीत मायग्रेशन होतं.

नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड संपायच्या आत माणूस हवा, म्हणून सरांनी जाहिरात स्वतः लिहायला घेतली. स्प्रिंग बूट ३ आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि ही गोष्ट २०२४ ची. सरांनी पहिलीच अट घातली: 'स्प्रिंग बूट ३ चा किमान पाच वर्षांचा अनुभव.'