बोरगाव (तालुका लिहिणे आवश्यक)

मोबाइलवर जमलेल्या चित्रपटवेड्यांच्या एकदिवसीय सहलीचे तीन टप्पे असतात: ठरणे, चुकणे आणि हिशेब. मधला टप्पा सर्वांत लांबतो.

पूर्वी अशी माणसे फिल्म सोसायट्यांमध्ये भेटत. 1959 मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ उभा राहिला, 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. तिथे लोक अंधारात शेजारी बसून सिनेमा पाहत आणि उजेडात चहावर भांडत. ज्याच्याशी भांडायचे, त्याचा चेहरा ठाऊक असे. व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात भांडण आधी होते आणि चेहरा नंतर दिसतो. अमरीश पुरीचा डीपी लावून सर्वांना दरडावणारा सदस्य पतपेढीतला कारकून निघतो आणि खाली मान घालून बोलतो. स्मिता पाटीलच्या डीपीमागे निवृत्त मुख्याध्यापक असतात.

प्रस्तुत गटात नागपूर, छिंदवाडा, वर्धा, अकोला आणि भुसावळची मंडळी होती. वाईजवळच्या मेणवलीला ‘स्वदेस’चा घाट पाहावा, ही सूचना अंतर ऐकताच बारगळली. नागपूरकरांना नागपूरच हवे होते, छिंदवाडेकरांना छिंदवाडा. तोडगा म्हणून दोहोंच्या मधले बोरगाव ठरले. तिथे पाहायचे काय, हे कोणी विचारले नाही.

हे बोरगाव सौंसर तालुक्यात, नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर आहे. जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, 2023 पासून पांढुर्णा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसे मध्य प्रदेशातच राहिली. त्यामुळे इथे पाट्या हिंदीत आणि भांडणे मराठीत असतात. औद्योगिक वसाहत आहे, रेमंडची गिरणी आहे, भोवताली संत्र्याचे बगीचे आहेत. जवळच जामसावळीला पहुडलेला मारुती आहे. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. गटातल्या समीक्षा नियमाने वाचणाऱ्यांना तिचे फारसे अप्रूप वाटत नाही.

सर्वांना गेलेला निरोप असा होता: ‘रविवार, सकाळी 10, बोरगाव बसथांबा.’ सिनेमात पेशवाईतल्या सरदाराच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा वण दिसला म्हणून तीन दिवस वाद घालणारी ही माणसे. पण तालुका कोणता, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही.

मराठी मुलखात बोरगावांना तोटा नाही. वर्ध्याला खेटून बोरगाव (मेघे) आहे. अकोल्याजवळ महामार्गावर बोरगाव मंजू आहे. सातारा-सोलापूरकडची वेगळी. खंडव्याहून बऱ्हाणपूरला जाताना लागते ते बोरगाव बुजुर्ग. वर्ध्याच्या ताई घरून निघाल्या आणि पंधराव्या मिनिटाला त्यांचा संदेश आला: ‘पोचले. रस्ता एकदम मोकळा.’ एवढ्या चपळाईबद्दल गटाने त्यांचे अभिनंदन केले.

त्यानंतरचा पाऊण तास या प्रकारच्या सहलींच्या अभ्यासकांनी नीट पाहावा असा आहे. प्रत्येकाने आपापल्या जागेचे वर्णन कळवले: थांबा आहे, समोर टपरी आहे, टपरीवर पोहे आहेत. चारही ठिकाणचे वर्णन तंतोतंत जुळले, त्यामुळे सगळे एकाच ठिकाणी उभे आहेत आणि केवळ दिसत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. मुख्याध्यापकांनी फोनवर आज्ञा केली, ‘सगळ्यांनी उजवा हात वर करा.’ चार बोरगावांत माणसे हात वर करून उभी राहिली. अकोल्याच्या सदस्यापुढे एक काळीपिवळी थांबली.

सौंसरकडच्या बोरगावात टपरीवाल्या काकाजींनी हा प्रकार बराच वेळ पाहिला. रश्शात आलूबोंडा सोडत त्यांनी विचारले, ‘कोन्तं बोरगाव पायजे होतं तुमाले?’ या प्रश्नाने सहल संपल्यात जमा झाली.

भुसावळची तिघे मात्र चुकून योग्य जागी गेली. त्यांच्या बोरगावातून खंडवा जवळ होते, आणि खंडवा म्हणजे किशोरकुमार. मूळचा आभासकुमार गांगुली, तो 4 ऑगस्ट 1929 ला तिथे जन्मला, 13 ऑक्टोबर 1987 ला मुंबईत गेला आणि अंत्यसंस्काराला त्याच्याच इच्छेप्रमाणे खंडव्याला आणला गेला. या दोन तारखांना त्याच्या समाधीवर लांबलांबून लोक येतात, गातात आणि दूध-जिलबीचा नैवेद्य दाखवतात. त्याने मराठीत मोजकीच गाणी म्हटली. ‘गंमत जंमत’मधले (1987) अजून लग्नाच्या वरातीत वाजते. मध्य प्रदेश सरकार त्याच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देते, आणि भर बाजारातले त्याचे घर मात्र वर्षानुवर्षे पडझडीला सोडलेले. शाल-श्रीफळाला पैसे निघतात, कौलांना निघत नाहीत. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

अकराच्या सुमारास खंडव्याहून जिलबीचे फोटो येऊ लागले. बोरगावकर तुकडीने ते पाहिले आणि एकेक आलूबोंडा आणखी मागवला.

तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस धाकट्या मुलीला सायकलवर बसवून आला. गटात रोज पहाटे तीनला लिहिणारा सदस्य तो हाच. वेळेवरून सर्वांनी त्याला अमेरिकेत धरले होते. तो इथल्याच एका कारखान्यात रात्रपाळीला असतो. सुट्टीच्या अर्ध्या तासात कानात इयरफोन घालून सिनेमा तुकड्यातुकड्याने पाहतो; एक चित्रपट संपायला चार-पाच रात्री लागतात. थिएटरात तो शेवटचा कधी गेला, हे त्याला आठवेना. त्याने पिशवीभर संत्री आणली होती, प्रत्येकाला दोन, येणार म्हणून कळवलेल्या सगळ्यांच्या हिशेबाने. न आलेल्यांचीही त्याने परत नेली नाहीत. मुख्याध्यापक त्याच्याशी ‘सामना’वर दोन तास बोलले, आणि अमरीश पुरींनी मुलीला संत्री सोलून दिली.

हिशेब अजून मिटलेला नाही. वर्ध्याच्या ताईंचे म्हणणे असे की त्या वेळेवर आणि बोरगावातच होत्या, तेव्हा वर्गणी परत मिळावी. खंडव्याची जिलबी सामायिक खर्चात धरावी, असा भुसावळकरांचा आग्रह आहे. अकोल्याच्या सदस्याने काळीपिवळीचे भाडे लावले आहे. हात वर केला म्हणून चालकाने बसवून घेतले आणि थेट मूर्तिजापूरला सोडले.