भाऊजींचा ट्रक आणि ९३चा हट्ट

“ऐकलंस का गं, ह्यांनी पुन्हा ९३ भरला!”

ह्यूस्टनजवळच्या आमच्या केटीत घरांमागची कुंपणं लाकडी आणि सहा फुटी. गप्पा मारायच्या तर वहिनी रिकामी कुंडी उपडी घालून तिच्यावर चढतात. आधी कढीपत्ता अलीकडे येतो, मग बातमी. या वेळची बातमी भाऊजींच्या नव्या ट्रकची होती. फोर्ड एफ-१५०, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, रंग निळा. भाऊजी रोज संध्याकाळी त्याला फडक्यानं पुसतात. इतक्या मायेनं त्यांनी मुलांची नाकंही कधी पुसली नाहीत, असं वहिनींचं म्हणणं.

“पण ९३ कशाला? त्या इंजिनाला ८७ पुरतो. फोर्डच्या माहितीपुस्तकातच लिहिलंय.”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणतात, एवढा महागाचा ट्रक घेतला, आता त्याला स्वस्तातलं पाजू का?”

मी नोकरीची बरीच वर्षं इथल्या रिफायनरीत काढली. हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. पंपावर ९३च्या नळीवर ‘प्रीमियम’ लिहिलेलं दिसलं की माणसाला वाटतं, हा जास्त ताकदीचा, जास्त शुद्ध. ऑक्टेनच्या आकड्याचा, म्हणजे या ८७-९३चा, या दोन्हींशी संबंध नाही. सिलिंडरमध्ये गॅस (म्हणजे आपलं पेट्रोल) आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच एखाद्या कोपऱ्यात आपलं आपण भडकतं. मैफलीत सम यायच्या आधीच कुणी टाळी द्यावी, तसं. मग इंजिन ठकठकायला लागतं. असं न भडकता दम धरायची गॅसची कुवत किती, एवढंच तो आकडा सांगतो. ज्याचं इंजिन ८७वर ठकठकतच नाही, त्याला ९३ देऊन थांबवायचं काय? (या ठकठकीवर जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीनं १९२१ साली शिशाचा उतारा शोधला. ते विष अमेरिकेच्या रस्त्यांवरून पुरतं हद्दपार व्हायला १९९६ उजाडलं. पण ते प्रकरण एका कढीपत्त्यात आटपणारं नाही.)

“ते काही असो,” वहिनी म्हणाल्या, “ह्यांचं म्हणणं, पुण्यात स्कूटरलासुद्धा ९१ मिळायचं. मग अमेरिकेत एवढ्या मोठ्या ट्रकला ८७ कसं?”

यात भाऊजी एकटे नाहीत. मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसलं की निम्मे पुरुष हेच विचारतात. भारतात आकडा मोजतात तो ‘रिसर्च ऑक्टेन’. इथे त्याची आणि ‘मोटर ऑक्टेन’ची सरासरी काढतात, आणि मोटर ऑक्टेनची चाचणी जास्त कडक असल्यामुळे तो आकडा कमी भरतो. पंपावरच्या पिवळ्या चिकटपट्टीवर हे सूत्र छापलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. पुण्याचा ९१ आणि केटीचा ८७ जवळजवळ एकच.

“बरं, मग इंजिन आतून स्वच्छ राहतं म्हणतात ते?”

हा प्रश्न मात्र वहिनींनी नेमका विचारला. आपल्याकडचा गॅस रिफायनऱ्यांतून, पाइपलाइनमधून आणि टाक्यांतून येतो, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचा माल सर्रास एकमेकांत मिसळलेला असतो. इथूनच निघणारी कोलोनिअल पाइपलाइन तो असाच पार पूर्व किनाऱ्यापर्यंत नेते. ज्याच्या त्याच्या नावाचं स्वच्छतेचं रसायन पडतं ते शेवटी, टँकर भरताना. ते किती आणि कसलं, यावर इंजिनाची स्वच्छता ठरते. म्हणून काही मोटारकंपन्यांनी २००४ मध्ये ‘टॉप टिअर’ नावाचं मानक काढलं. हे मानक पाळणाऱ्या पंपावर ते रसायन ८७मध्येही असावंच लागतं. ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये तपासणी केली, तेव्हा टॉप टिअर नसलेल्या गॅसनं इंजिनात सरासरी १९ पट जास्त काजळी साठलेली आढळली. तेव्हा स्वच्छतेची काळजी असेल तर चांगला पंप निवडावा. कॉस्टकोचा ८७सुद्धा टॉप टिअरच आहे, आणि वहिनी तिथे तांदूळ आणायला जातातच.

त्याच वर्षी ट्रिपल एनं लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत ८७वर चालणाऱ्या चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या गाड्यांना प्रीमियम भरून पाहिलं. ताकद, मायलेज, धूर, कशातच सांगण्याजोगा फरक पडला नाही. असा विनाकारण प्रीमियम भरण्यात अमेरिकन माणसं वर्षाला २१० कोटी डॉलर घालवतात, असा त्यांचा हिशेब होता.

“मग तो कोपऱ्यावरचा बोटवाला का भरतो? त्याचा ट्रक तर ह्यांच्यासारखाच आहे.”

आत्ता कळलं पाणी कुठे मुरतंय ते! भाऊजी शेजाऱ्याचं बघून शिकले. पण ट्रक बाहेरून सारखा असला तरी बोटवाल्याचं इंजिन साडेतीन लिटरचं इकोबूस्ट, टर्बोचं. टर्बो हवा कोंबतो, दाब वाढतो. ८७ भरला तर कॉम्प्युटर ठकठक ऐकून ठिणगी जरा उशिरा पाडतो आणि ताकद थोडी सोडून देतो. ओझं ओढताना आणि कडक उन्हात प्रीमियमचा फायदा जास्त जाणवतो, असं फोर्ड स्वतःच सांगतं. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं २०१९ मध्ये असाच ट्रक दोन्ही गॅसवर तपासला, तेव्हा ९३वर चाकांपाशी सुमारे २० अश्वशक्ती जास्त मिळाली. हा गृहस्थ जुलैच्या उन्हात बोट ओढत गॅल्व्हेस्टनला जातो. त्यानं खुशाल ९३ भरावा. शेव्हीच्या सहा पूर्णांक दोन लिटरच्या व्ही-८लाही कंपनी प्रीमियमच सुचवते. रॅमच्या हेमी इंजिनाला ८९ सुचवतात, आणि तो ८९ बहुतेक पंपांवर ८७ आणि ९३ तिथल्या तिथे मिसळूनच तयार होतो.

“आणि आमच्या ट्रकनं आजवर काय ओढलं?” वहिनींनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “गणपतीचं मखर आणि मल्चची चार पोती.”

मी हिशेब करून दिला. टाकी २६ गॅलनची, फरक गॅलनमागे ८० सेंटचा धरा, म्हणजे प्रत्येक टाकीला २० डॉलर ८० सेंट. महिन्याला तीन टाक्या झाल्या तर वर्षाचे साडेसातशेच्या घरात. वहिनी कुंडीवरून उतरता उतरता म्हणाल्या, “त्यांना काय सांगू ते एका वाक्यात सांग.”

सांगा, ट्रकला ८७ भरा आणि उरतील ते पैसे टायरांसाठी बाजूला टाका, कारण ते त्याला खरोखरच लागणार आहेत.