कुमारी तासिका

“काका, हे काउंट होतं का?”

रात्रीचे अडीच वाजले होते. मूतखड्याच्या कळांनी मी गाडीच्या मागच्या सीटवर मुटकुळं करून पडलो होतो आणि गाडी चालवता चालवता आमची भाची मला हा प्रश्न विचारत होती. मी कण्हतच “काय?” म्हटलं. “म्हणजे मी तुम्हाला इमर्जन्सीत नेतेय ना, ह्याचे तास धरता येतील का?” पुढच्या सिग्नलला तिने स्वतःच निकाल दिला. “नाही. घरचा माणूस पेशंट धरत नाहीत.” तो निकाल देताना तिने जो सुस्कारा सोडला, तो माझ्या कण्हण्यापेक्षा जास्त मनापासूनचा होता.

तिचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे. मी तिला तासिका म्हणतो. राधिका, सारिका, अनामिकांच्या रांगेत हे नाव बिनबोभाट खपतं. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी तर कौतुकाने विचारलं, “किती वेगळं नाव! संस्कृत आहे का?” मी म्हटलं, “नाही, शाळेच्या वेळापत्रकातलं आहे.”

तुमच्या नात्यागोत्यात एखादी तासिका असेलच. निदान आमच्या एडिसनमध्ये तरी ही जमात सर्वत्र आढळते. रविवारी ओक ट्री रोडवरच्या वाण्याकडे निळा स्क्रबसूट घातलेली, डोळ्यांखाली काळं आलेली, एका हातात कोथिंबीर आणि दुसऱ्या हातात फोनवरचा हिशेब घेऊन उभी असलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी दिसली की समजावं, हिला पीए व्हायचंय.

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. म्हणजे रोग्याला तपासणारा, निदान करणारा, औषध लिहून देणारा, पण डॉक्टर नसलेला, डॉक्टरांच्या जोडीने काम करणारा माणूस. अमेरिकेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. सांगलीत नाही. माझ्या आईने शेजारी अभिमानाने सांगितलं, “सुनेच्या बहिणीची पोर पीए होणारेय.” दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेल्या मुलाच्या बदलीचा अर्ज घेऊन हजर. “कुठल्या मंत्र्यांकडे लागणारेय?” आईने अर्ज ठेवून घेतला. म्हणाली, नाही कशाला म्हणा, उद्या लागली तर?

तासिकेच्या आईचं दुःख निराळं. तिला लेक सरळ डॉक्टर झालेली हवी होती. तासिकेने तिला बोटांवर मोजून दाखवलं : मेडिकलची चार वर्षं, मग रेसिडेन्सीची तीन ते सात, आणि पीएचं शिक्षण साधारण सत्तावीस महिने. मोजणीत तिच्याशी कोण जिंकणार? त्या दिवसापासून तिची आई लोकांना “डॉक्टरसारखंच असतं” असं सांगते, आणि ‘सारखंच’ हा शब्द जरा हळू म्हणते.

आता हे तासांचं प्रकरण. पीएच्या शाळेत जायचं तर नुसते मार्क पुरत नाहीत. आधी रोग्यांची सेवा केल्याचे तास दाखवावे लागतात. कुठे पाचशे पुरतात, कुठे हजार, कुठे दोन हजार. आणि स्पर्धेत टिकायचं तर त्याहून बरेच जास्त. यामागे इतिहास आहे. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या तुकडीत चौघे होते आणि ते चौघेही नौदलात वैद्यकीय सेवा करून आलेले. म्हणजे हात आधी तयार होते, पुस्तक नंतर आलं. कल्पना फार शहाणपणाची होती. फक्त त्या चौघांनी तिथे काम करताना तास मोजले नसावेत. आमच्याकडे काम राहिलं बाजूला, मोजणी राहिली.

मोजणीला शास्त्र आहे. रोग्याला प्रत्यक्ष हात लागला, तर तो ‘पेशंट केअर’. फोन घेतला, फाइल लावली, खुर्ची ढकलली, तर नुसता ‘हेल्थ केअर’. त्याला भाव कमी. कोणा पीएच्या मागे उभं राहून पाहिलं, तर ‘शॅडोइंग’. त्याचा रकाना तिसरा. माझ्या आजीकडे सोवळ्यात शिवलं की सगळं वाया जायचं. इथे शिवलं नाही तर वाया जातं. नियम तेवढेच कडक. आजी जशी “पदर लागला का?” म्हणून खोदून खोदून विचारायची, तशी तासिका मैत्रिणींना फोनवर विचारते, “व्हीलचेअर ढकलताना त्याच्या खांद्याला हात लागला तर?”

दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन ती आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आली. अट एकच : भाडं नाही, पण बायकोच्या हाताखाली स्वयंपाक. पहिल्याच आठवड्यात तिने विळीवर बोट कापून घेतलं, स्वतःच पट्टी बांधली आणि विचारलं, “स्वतःचे धरता येत नसतील ना?” एक्सेलमध्ये तिची पक्की वही होती, पण कच्चा हिशेब कुठे, तर फ्रिजशेजारच्या आमच्या कालनिर्णयवर. दरवर्षी सांगलीहून कोणाच्या तरी बॅगेतून येणारं ते कॅलेंडर. त्याच्या चौकोनांत हिच्या आईने तिकडे जन्मभर दूध मांडलं. इथे संकष्टीच्या चंद्रोदयाखाली ‘8’, प्रदोषाखाली ‘12’, आणि दिवाळीच्या पाडव्याला चक्क ‘16’. पाडव्याला डबल शिफ्ट केली म्हणून मी ओरडलो, तर म्हणाली, “काका, मुहूर्त चांगला होता.”

आधी ती स्क्राइब होती. म्हणजे डॉक्टर रोग्याला तपासत असताना कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन सगळं टिपायचं. चार महिन्यांनी तिला कळलं की काही शाळा हे तास पेशंट केअरमध्ये धरतात, काही धरत नाहीत. तो रविवार आमच्या घरी सुतकासारखा गेला. सोमवारी तिने ठरवलं की आता कोणी बोट दाखवू शकणार नाही असं काम करायचं, आणि नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला. केंद्र सरकारच्या नियमाने हे प्रशिक्षण किमान पंचाहत्तर तासांचं असतं. मग परीक्षा. परीक्षेत हात धुऊन दाखवायला लागतात हे ऐकून बायको म्हणाली, “एवढं तर आम्ही पाचव्या वर्षी शिकवलं होतं.” नंतर दोन आठवडे तिने आमच्या दोघांच्याही हात धुण्यात चुका काढल्या.

नोकरी लागली वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. तिथे राहणाऱ्यांना ‘पेशंट’ म्हणायचं नाही, ‘रेसिडेंट’ म्हणायचं, असं तिने पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं. मी सहज म्हटलं, “मग पेशंट केअरचे तास कसे होणार?” म्हणायला नको होतं. ती रात्रभर झोपली नाही.

कामाचा भाग मात्र ती विनोदाने सांगत नसे. पहिले काही दिवस तर जेवणाच्या टेबलावर गप्पच. दर दोन तासांनी माणसाला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच अधांतरी राहील. डायपर बदलताना बोलत राहायचं, पण त्याबद्दल नाही. कमरेला पट्टा बांधून उभं करायचं. तो पट्टा तिने एकदा माझ्याच कमरेला बांधून सराव केला. मी सोफ्यावरून तीन वेळा उठलो, तीन वेळा बसलो आणि चौथ्यांदा पट्ट्यासकट पळालो. कपड्यांचाही नियम होता. एका अंगाला अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी. हे तिने बायकोच्या कार्डिगनवर करून दाखवलं. दुखऱ्या हाताला वळायला लागू नये, चांगल्या हाताने जुळवून घ्यावं. एवढं साधं, पण मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

रोज संध्याकाळी ती माझं ब्लडप्रेशर घ्यायची. पाय जमिनीला टेकवा, पाठ टेकवा, हात छातीच्या पातळीत टेबलावर ठेवा, पाच मिनिटं गप्प बसा. पहिल्या तीन गोष्टी जमायच्या. “बोलू नका काका, बोललं की वाढतं.” मी म्हणायचो, “न बोलता माझं जास्त वाढतं.” मग पुन्हा पाच मिनिटं. ह्याचे तास मिळत नाहीत हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. एकदा मी ते बोलूनही दाखवलं. “गप्प बसा, आकडा चुकेल,” म्हणाली.

अर्जाचे दिवस आले तसं घराचं परीक्षा केंद्र झालं. देशातल्या बहुतेक पीए शाळांचा अर्ज एकाच ठिकाणी भरतात. त्यात पाच हजार अक्षरांत, तीही मोकळ्या जागा धरून, आपल्याला पीए का व्हायचंय ते लिहायचं. मी सुचवलं, “आजीच्या आजारपणापासून सुरुवात कर.” तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “काका, सगळे आजीपासूनच सुरुवात करतात. एवढ्या आज्या वाचून त्यांना कंटाळा आला असेल.” मग तिने काय लिहिलं, ते मला दाखवलं नाही.

त्याच सुमारास ती एका संध्याकाळी वेगळीच गणितं करत बसली होती. तिच्या मजल्यावर हैतीहून आलेल्या एक बाई होत्या. तिला सगळं काम शिकवलं ते त्यांनी. एकोणीस वर्षं त्याच मजल्यावर. “आठवड्याला चाळीस, वर्षाला दोन हजार ऐंशी, गुणिले एकोणीस. एकोणचाळीस हजार पाचशे वीस.” ती आकड्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, “मग त्यांना तर थेट डीन करायला हवं.” ती हसली नाही. “त्यांनी ऑरगॅनिक केमिस्ट्री केलेली नाही ना,” म्हणाली. “मी येते, हजार-दोन हजार तास काढते आणि पुढे जाते. दरवर्षी एक नवीन मुलगी येते, तिला त्या पहिल्यापासून शिकवतात. आणि मी माझ्या अर्जात त्यांचं नाव काय म्हणून लिहू? सुपरवायझर त्या नाहीत.”

आणि मग तो रविवार. आमची सकाळ, सांगलीची संध्याकाळ. माझी आई गेल्या वर्षापासून डाव्या अंगाने अधू झाली आहे. ब्युरोकडून एक मावशी येतात, सकाळी आठ ते रात्री आठ. व्हिडिओवर मी नेहमीचे प्रश्न विचारत होतो : जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. मागे मावशी आईला स्वेटर घालत होत्या. तासिका चहा घेऊन माझ्या खांद्यामागून डोकावली आणि तिला राहवलं नाही. “मावशी, डावा हात आधी घाला हं!”

मावशींनी मान वर केली. डावी बाही कोपरापर्यंत आधीच चढली होती. “ठावं हाय की ओ, ताई. बारा वरसं झाली, ह्येच करतीया.”

“बारा वर्षं? रोज बारा तास?” तासिकेचे ओठ हलू लागले. “महिन्याला दोन सुट्ट्या धरल्या तरी… मावशी, तुमचे जवळजवळ पन्नास हजार झाले!”

“काय, रुपये?” मावशी हसल्या.

“तास!”

“तास कोण मोजतंय, ताई?”

तेवढ्यात आई म्हणाली, “मोजत नाही कसं? तिचे खाडे मांडतो की आपण.” आणि चांगल्या हाताने तिने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथेही तेच कालनिर्णय. तेच चौकोन. दोनचार चौकोनांत निळ्या शाईच्या फुल्या. पगारातून कापायचे दिवस. ते पैसे मीच पाठवतो, कापूनच पाठवतो.

आमच्याकडे कोणी काही बोललं नाही. तासिका चहा घेऊन खाली गेली.

मार्चमध्ये तिला प्रवेश मिळाला. पेनसिल्व्हेनियात. ऑगस्टमध्ये ती गेली. जाताना कमरेचा पट्टा, बीपीचं मशीन आणि हात धुण्याबद्दलच्या सूचना ठेवून गेली. घर जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. कालनिर्णयची जुनी पानं उलटत होतो, तर तिच्या ‘8’ आणि ‘12’च्या खाली पेन्सिलीने बारीक काहीतरी होतं. चष्मा लावून पाहिलं. 148/92. 144/90. 150/94, पुढे कंसात ‘बोलले’. रोजचं. दोन वर्षांतलं एकही माझं प्रेशर तिने एक्सेलमध्ये नेलं नव्हतं, कारण नेता येत नव्हतं. आणि एकही दिवस चुकवला नव्हता. असल्या मोजणाऱ्या माणसांचा मला राग आहे, हे मी पूर्वीपासून सांगत आलोय. अजूनही आहे. थोडा.

तेव्हापासून पेन्सिल मी घेतली आहे. रोज रात्री जेवणानंतर त्या दिवसाच्या चौकोनात एक फुली मारतो. बायकोला वाटतं, भाची घरात नाही म्हणून तिचे खाडे मांडतोय. परवा तिने बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलंही. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही. सांगलीला जाऊन यायला अजून एक वर्ष तरी जमणार नाहीये.