पाहण्याने मत बिघडते

चित्रपट पाहून त्याविषयी बोलणे कोणालाही जमते. तिकीट काढायचे, दोन तास बसायचे, बाहेर येऊन जे दिसले ते सांगायचे. यात बुद्धीला वाव तो कुठला? कस लागतो तो न पाहिलेल्या चित्रपटावर बोलताना. त्यातही चित्रपट परक्या भाषेतला असावा, दिग्दर्शकाचे नाव निदान तीन प्रकारे उच्चारता यावे, आणि समोरच्यानेही तो पाहिलेला नसावा. एवढे जुळून आले की जी चर्चा रंगते, ती पाहणाऱ्यांच्या नशिबी कधीच नसते. दुर्दैवाने आपल्याकडे कौतुक पाहणाऱ्यांचेच होत आले. परीक्षणे त्यांची छापतात, परिसंवादांना त्यांनाच बोलावतात. न पाहता बोलणाऱ्यांच्या कार्याची दखल कोणी घेतली नाही. ती इथे घ्यावी म्हणतो.

पाहण्याचा मुख्य तोटा असा, की त्याने मत बिघडते. न पाहिलेल्या चित्रपटाविषयीचे मत स्वच्छ, टोकदार आणि एका वाक्यात मावणारे असते. तोच चित्रपट पाहिला की त्यात एखादा प्रसंग असा निघतो जो त्या मतात बसायला तयार नसतो. मग 'पण', 'तरी', 'तसे पाहिले तर' तोंडात येऊ लागते आणि माणूस चारचौघांत बोलण्याच्या लायकीचा राहत नाही.

या वर्गाची कोंडी करण्याचा एक प्रयत्न जपानमध्ये होऊन गेला. हायाओ मियाझाकींचा 'द बॉय अँड द हेरॉन' १४ जुलै २०२३ रोजी तिथे लागला, तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकी यांनी ट्रेलर काढला नाही, जाहिरात केली नाही, कथासारही दिले नाही. एक पोस्टर तेवढे होते, त्यावर बगळा. प्रेक्षकाने कोऱ्या मनाने यावे असा त्यांचा हेतू. ट्रेलरवर गुजराण करणाऱ्यांच्या पोटावरच हा पाय होता. पण आपली माणसे डगमगली नाहीत. केवळ बगळ्याच्या चोचीवरून 'मियाझाकी आता स्वतःचीच पुनरावृत्ती करतोय' हे मत डेक्कनवर त्याच आठवड्यात तयार झाले. भारतात चित्रपट लागायला २०२४ उजाडले; तोवर ते मत जुने होऊन दुसऱ्यांदा वापरातही आले होते. मधल्या काळात, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, चित्रपटाला ऑस्कर मिळाले. मियाझाकी सोहळ्याला गेले नाहीत. २००३ साली 'स्पिरिटेड अवे'ला मिळाले तेव्हाही गेले नव्हते. समक्ष न जाता काम होते हे खुद्द मियाझाकींनाही मान्य आहे, असा निष्कर्ष आमच्या एका स्नेह्यांनी काढला. तो खोडून काढणे कठीण आहे.

मियाझाकींच्या स्टुडिओ घिबलीच्या अभ्यासकांची संख्या तर मार्च २०२५ मध्ये एकाएकी वाढली. चॅटजीपीटीला फोटो द्यावा आणि घिबली शैलीतले चित्र घ्यावे अशी सोय झाली, आणि बघता बघता साखरपुडे, बारशी, गणपतीपुढचे कौटुंबिक फोटो, राजगडावरच्या सहली असे सगळे गुलाबी गालांचे होऊन व्हॉट्सॲपच्या डीपीवर आले. ज्याचा डीपी घिबली, त्याला घिबलीवर बोलण्याचा अधिकार आपोआप आला. 'द विंड रायझेस'मध्ये गर्दीचे एक चार सेकंदांचे दृश्य आहे. एजी यामामोरी या ॲनिमेटरने ते हाताने काढले. त्याला एक वर्ष तीन महिने लागले. ही गोष्ट कानावर आली तेव्हा आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना त्या माणसाची खरोखर दया आली. "कोणीतरी सांगायला हवं होतं हो त्याला," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा डीपी, सहकुटुंब आणि कुत्र्यासह, चहा गाळून होईपर्यंत तयार झाला होता. खुद्द मियाझाकींना २०१६ मध्ये संगणकाने आपल्या अकलेने हलवलेली एक आकृती दाखवण्यात आली होती. हा जीवनाचाच अपमान आहे, असे ते तोंडावर बोलले. पाहून मत देण्याचा परिणाम हा असा होतो. न पाहते तर दोन शब्द गोड बोलले असते.

याउलट 'फ्लो'ने मतकऱ्यांना खरोखरच पेचात पकडले. हा लॅटव्हियाचा चित्रपट. गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाने फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर तो घडवला आणि २०२५ साली आपल्या देशाला पहिले ऑस्कर मिळवून दिले. जगभर पूर आलाय, माणूस कुठेच नाही, आणि एक मांजर, एक कॅपिबारा, एक लेमूर, एक कुत्रा आणि एक लांब तंगड्यांचा पक्षी एका होडीत. पडद्यावर शब्द एकही नाही. आता परदेशी चित्रपटावर बोलताना सबटायटल्सचा दर्जा हा हुकमाचा एक्का असतो. मूळ भाषेतली खुमारी भाषांतरात गेली, हे वाक्य कोरियनपासून पोलिशपर्यंत कुठेही चालते, आणि ते बोलणाऱ्याला दोन्ही भाषा येत असाव्यात असा आदरयुक्त संशय ऐकणाऱ्यांच्या मनात उभा राहतो. 'फ्लो'मध्ये ही सोय नव्हती. तरीही एका बैठकीत "लॅटव्हियन भाषेचा गोडवा इंग्रजीत उतरलेला नाही" असे सांगितले गेले, आणि जमलेल्यांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. दुसऱ्या एकांनी कॅपिबाराच्या आवाजातला अस्सलपणा वाखाणला. तो आवाज उंटाच्या पिल्लाचा आहे. पण हे चित्रपट पाहूनही कळत नाही, मग न पाहणाऱ्यालाच का धारेवर धरावे?

ॲनिमेशन म्हणजे कार्टून आणि कार्टून म्हणजे मुलांचे, या सिद्धान्तावर आपल्याकडे कितीतरी घरांतली रविवारची दुपार उभी आहे. इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. चित्रात एक गोड भाऊ, त्याहून गोड बहीण, भोवती काजवे. एका घरात तो मुलांना लावून देऊन आईवडील आत जाऊन पडले. चित्रपट १९४५ च्या कोबे शहरावरच्या बॉम्बफेकीचा आणि त्या दोन भावंडांच्या उपासमारीचा आहे. आईवडील उठले तेव्हा धाकटी हुंदके देत होती आणि थोरला फ्रिज उघडून आत खायला काय काय आहे ते मोजत होता. "हल्लीच्या कार्टूनमध्ये पूर्वीची मजा राहिली नाही," असे वडिलांनी मत दिले. चित्रपट १९८८ चा आहे. जपानमध्ये तो 'माय नेबर टोटोरो'बरोबर जोडीने दाखवला गेला होता, म्हणजे दुपार सुखाची करून मग नासवण्याची, किंवा नासवून मग सुखाची करण्याची कल्पना मूळची तिकडचीच. आपण फक्त टोटोरो वगळला.

उशिरा येणाऱ्यांविषयीही चार शब्द. र्‍युसुके हामागुचींचा 'ड्राइव्ह माय कार' तीन तासांना एक मिनिट कमी आहे, आणि त्यातली सुरुवातीची श्रेयनामावली सुमारे चाळीस मिनिटे उलटल्यावर येते. आमचे एक सहप्रेक्षक पार्किंग शोधून, समोसा संपवून आत आले ते नेमके त्या क्षणी. पडद्यावर नावे उमटत होती. आपण वेळेवर आलो याचा त्यांना इतका आनंद झाला, की चित्रपटभर तो टिकला. बाहेर आल्यावर बाकीचे 'सुरुवात जरा लांबली' म्हणत होते. यांनी 'सुरुवात किती आटोपशीर' म्हणून सर्वांना गप्प केले. बायको अचानक कुठे गेली हे त्यांना कळले नाही, पण तशी संदिग्धता जपानी चित्रपटात असायचीच.

झोपणाऱ्यांना तर प्रत्यक्ष अब्बास कियारोस्तामींचा आशीर्वाद आहे. प्रेक्षकाला डुलकी आणणारे चित्रपट आपल्याला आवडतात, असे ते म्हणून गेले. बोलणे तिथे संपले नव्हते. त्यांना अभिप्रेत होते ते असे चित्रपट, जे थिएटरात डुलकी लावू देतात आणि मग रात्री घरी जागे ठेवतात. आपल्या रसिकांनी त्यातला पहिला भाग आत्मसात केला आहे. दुसऱ्याचा सराव चालू असावा.

आता थोडे सविस्तर, कारण हे उदाहरण मला फार प्रिय आहे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगातल्या समीक्षकांना विचारून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढते. १ डिसेंबर २०२२ रोजी नवी यादी आली आणि पहिल्या जागी होता शांताल आकेरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा चित्रपट. त्याचे नाव म्हणजे नायिकेचा संपूर्ण पत्ता आहे, घरक्रमांक आणि पिनकोडसकट. आपण नुसते 'झान दिएलमन' म्हणू. २०१ मिनिटे. एक विधवा तीन दिवस घरकाम करते: भांडी, बिछाने, मुलाचे जेवण, आणि बटाटे. बटाटे सोलण्याचे काम कॅमेरा हलल्याशिवाय पाहत राहतो. सकाळपर्यंत हे नाव ज्यांनी ऐकले नव्हते त्यांनी संध्याकाळी "चला, अखेर न्याय झाला" असा सुस्कारा टाकला. आमच्या एका मित्राने तो सुस्कारा स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून टाकला. वहिनी ओट्यापाशी बटाटे सोलत होत्या.

"तीन तास बटाटेच सोलते का ती?" त्यांनी विचारले.

"अगं तेच तर! आजवर कोणी असं बघितलंय का बाईच्या कामाकडे?" मित्र मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. मग स्त्रीच्या अदृश्य श्रमांवर तो पाऊण तास बोलला. मध्ये एकदा त्याने पाणी मागितले. जेवताना काचऱ्यांत मीठ कमी असल्याचेही त्याने स्पष्टपणे सांगितले, कारण समीक्षकाने भीड बाळगू नये. चित्रपट त्याने अजून पाहिलेला नाही. तिसऱ्या दिवशी झान काय करते हे ठाऊक असते, तर त्या संध्याकाळी त्याने बटाटे स्वतः सोलायला घेतले असते, आणि एक उत्तम व्याख्यान कायमचे हुकले असते.

परदेशी म्हणजे नेमके काय, याचेही उत्तर न पाहिल्यानेच सोपे होते. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळाले. मुंबईतल्या केरळी परिचारिका, पाऊस, लोकल, आणि छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती. तिची खोली बिल्डरच्या घशात जाते आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. ऑस्करला पाठवायचा चित्रपट निवडणाऱ्या भारतीय समितीला हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला, असे फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले. पाहूनही इतके निर्मळ राहिलेले मत विरळा. आमचा एक मित्र मूळचा गणपतीपुळ्याकडचा. त्याने समुद्राचे एक छायाचित्र पाहून लोकेशन पोर्तुगालचे का, अशी चौकशी केली. ज्या माणसाला घरचा किनारा ओळखू येत नाही, त्यालाच परदेशी चित्रपटाची खरी समज असते, हे आता मान्य करायला हवे.

सर्वांत वरची पायरी मात्र आगकाड्यांची. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक चौकटीने हलवून 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. आज तो उपलब्ध नाही. त्यामुळे डिस्ने, पिक्सार, घिबली असे कोणाचेही नाव निघाले की "आपल्या फाळक्यांनी हे केव्हाच केलं होतं, आणि जास्त चांगलं" असे म्हणता येते, आणि तुलना करून पाहू म्हणणाऱ्याला मार्ग नसतो. कोणी पाहिलेला नाही, कोणी पाहू शकत नाही, आणि सर्वांना आवडतो. उरलेल्या चित्रपटांचेही असेच व्हावे म्हणून आपण जुन्या प्रिंट जपण्याच्या भानगडीत फार काळ पडलो नाही, हे दूरदर्शीपणाचेच म्हणायचे.

नोव्हेंबरात पणजीला इफ्फी असतो, जानेवारीत पुण्याला पिफ. न पाहणाऱ्या सर्व रसिकांना विनंती, की डेलिगेट पास अवश्य काढा, गळ्यात घाला, कॅटलॉग काखेत मारा, रांगेशेजारी उभे राहून मनसोक्त बोला. फक्त आत येऊन खुर्ची अडवू नका. खुर्च्या मोजक्या असतात, आणि रांगेच्या शेवटी एखादा मुलगा किंवा मुलगी उभी असते, जिचे अजून कशाविषयीच काही मत झालेले नसते. तिला आत सोडा.