सगळं मेरिटवर!

वसई पूर्वेचे आमचे मेरिटकाका नव्या माणसाला नाव नंतर विचारतात, एमबीए प्रवेशपरीक्षेचं पर्सेंटाइल आधी. कॅटचं असलं तर खुर्ची, सीईटीचं असलं तर स्टूल. नुसताच बीकॉम निघाला तर ‘असू दे, असू दे,’ म्हणत पाठीवर हात.

२००८ साली सुप्रीम कोर्टाने आयआयएमसकट केंद्राच्या संस्थांमधलं २७ टक्के ओबीसी आरक्षण उचलून धरलं, तेव्हापासून काकांचा आवाज जो चढलाय तो चढलेलाच. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये खिडकीशी बसून नायगावपासून दहिसरपर्यंत ते देशाची काळजी वाहतात. ‘ज्याची लायकी त्याला जागा!’ खिडकीची ती जागा मात्र विरारला चढणारा ग्रुपमधला एक भिडू रोज रुमाल टाकून धरतो. वसईला चढून दारात लोंबकळणाऱ्यांना काका आपुलकीने सांगतात, ‘थोडं लवकर निघत जा रे!’

चिरंजीवही मेरिटचेच. इंग्रजी शाळा, दादरचा क्लास, एक वर्ष ड्रॉप. गाडीतल्या रेटारेटीत अभ्यास नको म्हणून अंधेरीला मावशीकडे मुक्काम, आणि रविवारी बँकेतल्या मावसभावाकडून मुलाखतीची तालीम. तरी प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये नंबर लागेना. शेवटी खासगी कॉलेजातल्या संस्थास्तरावरच्या २० टक्के जागांपैकी एक मिळाली. एफडी मोडली. पण काका ‘इन्स्टिट्यूट लेव्हल’ हे शब्द असे उच्चारतात की ऐकणाऱ्याला पद्मश्रीच वाटावी.

माणूस मात्र सोन्यासारखा. बिल्डिंगमधल्या कुठल्याही पोराला झोपाळ्यावर बसवून ते फुकट मॉक इंटरव्ह्यू घेतात. वॉचमनच्या मुलीला विचारलं, ‘हॉबी?’

‘ट्युशन घेते, काका.’

‘ती हॉबी नाही गं. कॉलेज, ट्युशन झाल्यावर काय करतेस?’

‘झोपते.’

काका बराच वेळ झोका घ्यायचे विसरले.

पुढे तिचा सीईटीचा फॉर्म त्यांनीच रात्री जागून भरला. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यासाठी भर उन्हात रांगेत उभे राहिले, आणि त्याच रांगेत आरक्षण कसं चुकीचं, हे पुढच्या-मागच्यांना समजावूनही आले.

तिला एमबीएला जमनालाल बजाज मिळालं. दुसऱ्या दिवशी गाडीत काकांनी पेढे वाटले. ‘आमच्या बिल्डिंगची पोरगी! चर्चगेटला उतरलं की चालत!’

‘कोट्यातून ना?’ कुणीतरी पेढा चघळत विचारलं.

‘तो फॉर्म भरून बघा आधी!’ काका कडाडले.