कानात आणि कानीकपाळी

नाशिकमध्ये संगीतप्रेमींचे दोनच पंथ आहेत. एक गाणी स्वतःच्या कानात घालणारे आणि दुसरे लोकांच्या. मी कॉलेजात असल्यापासून पहिल्या पंथाचा. या गोष्टीचा माज इतका, की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी कुणी शर्टाच्या खिशात मोबाइल गाजवत समोरून आला, की मी माझ्या कानातली पांढरी बोंडं उगाच काढून, पुसून, पुन्हा बसवतो. सभ्य माणसं कशी ऐकतात ते त्याला दिसावं, एवढाच हेतू. त्याला वाटतं, याचा कान दुखतोय. एकांनी तर मला लसणाचं तेल सुचवलं.

त्या ट्रॅकच्या एका फेरीत हरिपाठ, रफी, गुडघेदुखीवरचं व्याख्यान, निफ्टीचा अंदाज आणि पुन्हा हरिपाठ एवढं सगळं फुकट मिळतं, पण तुकड्यातुकड्यानं. एक आजोबा बातम्या लावून चालतात. त्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त. त्यामुळे मंत्रिमंडळात काहीतरी झालं एवढंच मला कळतं. काय झालं ते आजोबा बरोबर घेऊन पुढे जातात.

माझा माज जन्मला तो कॉलेज रोडवर. एचपीटी कॉलेजात असताना मामांनी मस्कतहून वॉकमन आणला. वॉकमन आपलं आम्ही म्हणायचो, तो सोनीचा नव्हताच. कंपनीचं खरं नाव त्याच्या पोटावर ठसठशीत छापलेलं होतं, आणि ते बरोबर अंगठ्याखाली झाकलं जाईल अशी यंत्र धरण्याची एक पद्धत मी मेहनतीनं बसवली होती. दुसऱ्या हातात कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांच्या कॅसेटचं कव्हर. यंत्रात 'आशिकी'. साल १९९०, त्यामुळे यंत्रात दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. आजूबाजूचे लोक काय बोलतात ते ऐकू येऊ नये म्हणून माणसं हेडफोन लावतात असं म्हणतात. मी तर लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते नीट ऐकू यावं म्हणून आवाज अगदी बारीक ठेवायचो. कुणी काहीच बोलत नसे.

सेल संपले तरी हेडफोन उतरत नसे. सेल संपलेल्या वॉकमनवर मान डोलवणं ही अवघड विद्या आहे. ठेका आपणच धरायचा आणि समेवरही आपणच यायचं.

सेलचा विषय निघालाच आहे, तर तो मी आता सोडणार नाही. ज्यांच्या घरात सगळं चार्जरवर चालतं त्या पिढीला हे कळणारच नाही. वॉकमनला दोन पेन्सिल सेल लागत आणि आमच्या घरात पेन्सिल सेलला जन्म, चार आश्रम आणि मोक्ष होता. नव्या सेलवर वडील बॉलपेननं तारीख घालत. पहिला आश्रम वॉकमनचा. यात सेल तारुण्यातच खचे, कारण वॉकमनची मोटर खादाड. कॅसेट मागे-पुढे करायला बटण दाबणं म्हणजे तर शुद्ध उधळपट्टी. ते काम वहीवरच्या पेन्सिलीनं करायचं असा घरात नियम होता. सेल उतरू लागले की अनुराधा पौडवाल हळूहळू भीमसेन जोशींच्या खर्जाकडे निघत आणि कुमार सानू माणसात राहत नसत. हे ऐकू आलं की वडील न बघता पेपराआडून म्हणत, "काढ ते सेल, घड्याळात घाल."

हा दुसरा आश्रम. वॉकमनच्या दृष्टीनं मेलेला सेल भिंतीवरच्या घड्याळाला महिनोन्महिने पुरतो. काटे फिरवायला वीज लागते ती नावापुरती. हे शास्त्र वडिलांना कुणी शिकवलं नव्हतं, मध्यमवर्गानं शिकवलं होतं. तिसरा आश्रम गजराच्या घड्याळाचा. त्यात सेल गेला की गजर वाजायचा, पण विनंती केल्यासारखा. चौथा आश्रम गच्चीवर. उन्हाळ्यात आईच्या कुरडया आणि सांडगे वाळत पडत, त्याच धोतराच्या कडेला हारीनं सेल. उन्हानं सेलात खरोखरच घटकाभर जीव येतो, म्हणून हा समज कधी मेला नाही. तरीही सेल उठला नाही तर त्याला दातानं चेपायचा. चेपल्यावरही उठला नाही तर डब्यात. डबा फेकायचा नाही, कारण 'असू दे'.

या व्यवस्थेतला दोष एकच. घरातली सगळी घड्याळं माझ्या उष्ट्या सेलांवर चालत. मी गाणी जास्त ऐकली की दिवाणखान्यातलं घड्याळ दहा मिनिटं मागे, स्वयंपाकघरातलं पंधरा. वडिलांची सीबीएसवरून सुटणारी बस एकदा चुकली, तेव्हा त्यांनी घरी परत येऊन माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या आशिकीपायी घरातली वेळ चुकते आहे." त्यांना यातला दुसरा अर्थ कळला नव्हता. आईला कळला. ती आत जाऊन हसली.

असो. ज्याची मी अंगठ्याखाली नक्कल करत होतो त्या खऱ्या वॉकमनची गोष्ट मी पुष्कळ नंतर वाचली आणि मला ती वैयक्तिक टोमण्यासारखी लागली. सोनीनं १ जुलै १९७९ रोजी जपानात पहिला वॉकमन विकायला काढला, किंमत ३३,००० येन. त्याला हेडफोनची भोकं होती दोन. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं मागे पडे आणि आतल्या माइकमुळे हेडफोन न काढता दोघांना एकमेकांशी बोलता येई. सोनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांनी 'मेड इन जपान' या आत्मकथनात कारण देऊन ठेवलंय. घरी ते यंत्र लावून बसले, तर बायकोला वाटलं आपल्याला वगळलं. शिवाय एकट्यानंच ऐकत बसणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. म्हणून दोन भोकं. लोकांनी घेतल्यावर मात्र दिसलं की दुसरं भोक कुणाला नकोच आहे, जो तो आपापला वॉकमन घेऊन गप्प. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं, हळूहळू दुसरं भोकही गेलं. ज्या शिष्टपणाची निर्मात्याला लाज वाटली, तो शिष्टपणा मिरवण्यासाठी मी कॉलेज रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायपीट करत होतो.

पुढे नोकरी मुंबईत, घर नाशकात, आणि मधे पंचवटी एक्स्प्रेस. पासधारकांच्या डब्यात वॉकमन लावणारा माणूस दोनच कारणांनी क्षम्य असे: एक तर तो आजारी असावा किंवा मॅच चालू असावी. बाकी सगळे पत्ते, भजन, डबे आणि राजकारण यांत. मी खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून, कसाऱ्याच्या बोगद्यांत राग मारवा ऐकतोय असा चेहरा करून बसायचो. तेवढ्यात खांद्यावर थाप. "स्कोअर काय झाला?" कानात काही असलं की कॉमेंट्रीच असणार, यावर अख्ख्या डब्याचं एकमत. कॅसेट आहे हो, असं सांगून सांगून कंटाळल्यावर मी एकदा सांगून टाकलं, "सचिन आऊट." डब्यात अशी अवकळा पसरली की काय सांगू. एकानं उघडलेला डबा तसाच बंद केला. आसनगावपर्यंत ती बातमी चार डबे पुढे गेली आणि परत आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात झेल कुणी घेतला तेही होतं. त्या दिवशी भारताची मॅच नव्हतीच.

मधल्या काळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आयपॉड आला २००१ साली, हजार गाणी खिशात घेऊन. आमच्याकडे तो अमेरिकेतल्या चुलतभावाच्या खिशात आला आणि त्याच्याच खिशात परत गेला. आपल्याकडे खरी क्रांती शालिमारच्या आणि एमजी रोडच्या गाळ्यांत झाली. मेमरी कार्ड द्या, नोट द्या, चहा घेऊन या; तोवर पोरगा कार्डात हजारभर गाणी कोंबून ठेवी. त्यात आपल्याला हवी ती दहा, बाकीची त्या पोराला आवडणारी. आयपॉड कायमचा बंद झाला मे २०२२ मध्ये. आमच्या कुणाच्या हे लक्षातही आलं नाही.

मग ब्लूटूथचा स्पीकर आला आणि दुसऱ्या पंथाला सुगीचे दिवस आले. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर माणसं रांगेत लटकलेली असतात, वरच्याचा बूट खालच्याच्या नाकाशी, आणि त्यातल्या एकाच्या सॅकला लटकवलेलं डबडं ढणढणत असतं. अंजनेरीला तेच. अंजनेरीच्या कड्यांत गिधाडांची घरटी आहेत. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकनं देशातली गिधाडं संपत आणली, २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, आणि त्यातून जी थोडी तगली त्यांच्या दारात आपण वरातीची गाणी लावतो. मी एका मुलाला म्हटलं, बाळा, जरा बंद कर, वारा ऐकू दे. तो म्हणाला, "काका, आवडत नाही का? दुसरं लावू?" इतक्या आपुलकीनं म्हणाला की मला चिडताही येईना. त्याच्या मते तो मला काहीतरी देत होता.

आता कारवां. सारेगामानं, म्हणजे जुन्या एचएमव्हीनं, २०१७ साली तो काढला तेव्हा मी किती हसलो होतो! ऐन स्मार्टफोनच्या जमान्यात ट्रान्झिस्टरच्या रूपड्याचं खोकं, किंमत ५,९९० रुपये, आत आधीच भरलेली पाच हजार गाणी. कुणाचं ऐकायचं ते खटका फिरवून ठरवता येतं. नेमकं कोणतं ते नाही. लताबाई म्हटलं की लताबाई देतील ते. सगळा माल एकाच कंपनीच्या गोदामातला, त्यामुळे माझी 'आशिकी' त्यात नाहीच, ती दुसऱ्या कंपनीची. फोनमध्ये सगळं फुकट असताना एवढे पैसे कशाला, हा पुरुषवर्गाचा आक्षेप. पडदा नाही, पासवर्ड नाही, मधेच कर्जाची जाहिरात नाही आणि नातवाला हाक मारावी लागत नाही, हे आईवर्गाचं उत्तर. दोघांचंही खरं आहे. माझ्या फोनात जगातलं सगळं संगीत असल्यामुळे मी काय ऐकावं ते शोधत निम्मा ट्रॅक चालतो. आई खटका फिरवते आणि पोळ्या लाटायला घेते.

बहिणीनं तिला कारवां घेऊन दिला. आई आमच्याच इमारतीत एक मजला खाली राहते, तिच्या तिच्या मर्जीनं. तिचं बालपण येवल्यात गेलं. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला लागे आणि ज्यांच्याकडे रेडिओ होता ते खिडकीत ठेवत, म्हणजे गल्लीला ऐकू जाई. सायानींची गीतमाला या खोक्यातही आहे. सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, पण आईकडे ते आठवड्यातून चारदा तरी येतात, आणि ते आले की आवाज पूर्ण वर. सकाळी सहाला भजनं, तीही पूर्ण वर. सोसायटीकडे तक्रार आली. लेखी.

मी पहिल्या पंथाचा प्रचारक. धावत जाऊन आईसाठी चांगला बिनवायरचा हेडफोन आणला, जोडून दिला, डोक्यावर बसवला. तिनं आरशात बघितलं.

"टेलिफोन ऑपरेटर दिसतेय मी."

"आई, आवाज बघ किती स्वच्छ आहे. तुझं तुला ऐकू येईल, कुणाला त्रास नाही."

"माझं मला? एकटीनं घ्यायला ते काय औषध आहे?"

"अगं, पण लोक तक्रार करतात."

तिनं हेडफोन काढला, वायर नसतानाही सवयीनं गुंडाळल्यासारखा करून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "सकाळी वाजतं ते तुला वर ऐकू येतं ना?"

"येतं की! झोपमोड होते."

"होऊ दे. वाजलं म्हणजे आई उठली. ज्या दिवशी वाजणार नाही त्या दिवशी चहाला थांबू नकोस, किल्ली घेऊन सरळ खाली ये."

आणि ती डाळ निवडायला बसली. यावर काही बोलायला मला सुचलं नाही. हेडफोन आता माझ्याकडे आहे. तो फार चांगला आहे, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. म्हणून सकाळी सहाला मी तो लावत नाही.

तेव्हा कृषीनगरच्या मंडळींना हात जोडून विनंती: खिशातला आवाज जरा कमी करा, गुडघे सगळ्यांचेच दुखतात, व्याख्यान नको. गडावर जाणाऱ्या पोरांनो, स्पीकर गाडीतच ठेवा, तिथे आधीपासून कुणीतरी राहतं. आणि आमच्या सोसायटीतल्या तक्रारदारांना कळवण्यात येतं, की पहिल्या मजल्यावरचा कारवां सकाळी सहा ते सात पूर्ण आवाजातच राहील. आपला अर्ज सेक्रेटरींकडे विचाराधीन आहे. यंदा सेक्रेटरी मीच आहे.