कोंबड्यांच्या वस्तीत नळ

चोपड्याला रेल्वे नाही. पुण्याहून निघालेल्या माणसाने जळगावला उतरायचं, स्टँडवर विदगावमार्गे जाणारी चोपड्याची एसटी शोधायची आणि ती सुटेपर्यंत खान्देशच्या उन्हाशी परिचय वाढवायचा. मे महिना होता. या दिवसांत जळगावचा पारा ४५च्या आसपास घुटमळत असतो आणि तिथली माणसं त्याची तक्रार करत नाहीत. घरातल्या पैलवान पोराबद्दल बोलावं तशी बोलतात. "काल याच्यापेक्षा जास्त होतं," शेजारी बसलेले आप्पा म्हणाले, आणि ते मला बघायला मिळालं नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

माझ्या मांडीवर पिशवी होती. आप्पांनी ती नजरेने दोनदा चाचपली आणि मग सरळच विचारलं, आत काय आहे? मी म्हणालो, निपल.

"किती महिनानं पोरगं शे?"

पोरगं नाही, कोंबड्या आहेत, चाळीसेक, मामींच्या, असं मी सांगितल्यावर पुढच्या दोन सीट मागे वळल्या. मग पिशवीतला एक लाल निपल बसभर फिरून आला. खालच्या स्टीलच्या पिनेला कोंबडीने चोच लावली की थेंब सुटतो, चोच काढली की बंद, हे मी समजावून सांगितलं. ते ऐकून कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. एकाने फक्त विचारलं, "ड्रीपरच म्हणा ना. ताशी किती लिटरचा?"

या मुलखात पाणी थेंबाने मोजायचं कोणाला शिकवायला जाऊ नये. १९६५ साली इस्राएलच्या हत्झेरीम किबुत्झमध्ये सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेतून ठिबकचा कारखाना उभा राहिला. पुढे ऐंशीच्या दशकात जळगावच्या भवरलाल जैन यांनी ते तंत्र इकडच्या शेतांत रुजवलं, आणि आता लॅटरल, सबमेन, एंड कॅप हे शब्द इथे भाकरी-भाजीइतक्या सहज बोलले जातात. विदगावचा पूल ओलांडून तापी मागे पडली की केळी सुरू होते, ती धानोरा, अडावद करत चोपड्यापर्यंत सोबत करते. प्रत्येक खोडाच्या बुडाशी काळी नळी, आणि प्रत्येक खोडाला आपल्या वाट्याचा थेंब.

अडावदला आप्पांनी खिडकीबाहेर उत्तरेकडे हात केला. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. तिथे गोमुखातून गरम पाण्याची धार पडत असते. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून ती काढली असं सांगतात. टाकी नाही, मोटार नाही, कॉक नाही, लाईटबिल नाही. आपोआप पाण्याच्या बाबतीत चोपडा तालुक्याला पुण्याचा सल्ला कधीच लागलेला नाही, हे आप्पांनी अशा रीतीने सिद्ध केलं. मग थोडा विचार करून म्हणाले, "फक्त कोंबडी गरम पानी पेत नही." हे वाक्य मी तेव्हा गप्पांत जमा केलं. ते खरं तर आराखड्यात जमा करायचं होतं.

मामांचा मळा गावाबाहेर लासूरच्या रस्त्याला. "पहिले जेवी ले," मामी म्हणाल्या, "कोंबड्या कोठे पळी जाई राहिन्यात?" त्यामुळे आधी शेवभाजी झाली, नंतर घाम झाला आणि मग पाहणी.

मामांच्या केळीला वाळूचा फिल्टर आहे, जाळीचा फिल्टर आहे, खत सोडायला व्हेंच्युरी आहे, प्रेशर बघायला घड्याळ आहे. कोणत्या वयाच्या केळीला दिवसाला किती लिटर, हे मामांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. आणि तिथून वीस पावलांवर, गोठ्याच्या मागे, मामींच्या कोंबड्या एका ॲल्युमिनियमच्या परातीवर दिवस काढत होत्या. परातीला एका बाजूने पोचा होता, म्हणून पाणी तेवढ्याच कोपऱ्यात साचे. तळाला फुगलेले ज्वारीचे दाणे, त्यांच्यावर हिरवा बुळबुळीत थर, एक तांबूस पीस, आणि काठावर बसून कोंबडी जे करते ते. कावळा शिळ्या भाकरीचा तुकडा आणून त्यात मऊ करून नेई. उरलेलं पाणी दुपारी शेळी संपवी. मी बोट बुडवून पाहिलं. त्या पाण्यात अंडं उकडलं नसतं, पण आंघोळ निभली असती.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी केळीकडे पाहिलं. उत्तर मामींनी दिलं: "केळीना पैसा त्यासना, अंडासना मना." यावर मामा फिल्टर धुवायला गेले.

आता थोडं कोंबडीच्या बाजूने. तिला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडी टाकून धापत राहते आणि श्वासातून जाणाऱ्या वाफेवर अंग थंड ठेवते. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत भागवणारी कोंबडी मे महिन्यात सहज दुप्पट पिते. अंड्याच्या कवचाआडचा पाऊण भाग पाणीच असतो, तेव्हा पाणी तुटलं की आधी अंडी तुटतात आणि ऊन फारच चढलं तर कोंबडीही जाते. घाणीचा हिशेब वेगळा. फेब्रुवारी २००६मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आमच्या याच खान्देशात, नवापूरला. तिथल्या पोल्ट्र्यांतल्या कोंबड्या लाखांनी माराव्या लागल्या. रानपाखरं आणि कोंबड्या एका पाण्यावर येऊ देऊ नका, हे पशुवैद्य घसा कोरडा करून सांगतात. मामींच्या परातीवर मात्र कावळ्याची रोजची पंगत होती.

सकाळी कडुनिंबाखाली पिशवी उघडली आणि आपोआप कमिटी बसली. अध्यक्षपद शेजारच्या नानांकडे गेलं, कारण त्यांच्या मळ्यात ठिबक सर्वांत जुनं. नानांनी पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला: प्रेशर किती लागेल?

"जवळपास नाहीच," मी म्हणालो.

नानांना हा व्यक्तिगत अपमान वाटला. एक किलो प्रेशरच्या खाली जे काही होतं त्याला त्यांनी जन्मात सिंचन म्हटलेलं नाही. त्यांनी सोळा एमएमची नळी घेतली, पंचने एका ओळीत भोकं पाडली, ग्रोमेट दाबले, निपल बसवले, शेवटाला एंड कॅप लावली. हाताचं काम इतकं देखणं की बघत राहावं. आणि नळीचं दुसरं टोक त्यांनी थेट गच्चीवरच्या टाकीला जोडून कॉक पूर्ण उघडला.

दोन निपल सुटून गव्हाणीत गेले. उरलेल्यांतून कारंजी उडाली. कोंबड्या ओरडत गोठ्याच्या पत्र्यावर चढल्या. त्यांना इतकं उडता येतं हे घरातल्यांना त्या दिवशी कळलं. शेळी मात्र जागची हलली नाही, तिला गारवा आवडला असावा. नानांनी भिजलेली टोपी पिळली आणि निकाल दिला: प्रेशर बरोबर आहे, निपल कच्चे आहेत.

हिशेब साधा आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचं साधारण एक किलो प्रेशर होतं. घर आणि गच्चीवरची टाकी मिळून पाच-सहा मीटर धरले तर अर्ध्या किलोच्या वर गेलं. निपलला टाकीतलं पाणी त्याच्या वर दोन-तीन फूट असलं तरी पुरतं. पण हा हिशेब नानांपुढे मांडणार कोण? तेवढ्यात मामांचा सालदार उठला. हा सत्रासेनकडचा पावरा, दिवसभरात मोजके शब्द बोलणारा. तो गोठ्याच्या माळ्यावरून गेल्या वर्षीच्या कूलरचा बॉल कॉक आणि रंगाची रिकामी बादली घेऊन आला. बादली त्याने खुंटीला टांगली, बॉल कॉक तिच्या काठाला बसवला. गच्चीचं पाणी बादलीत, बादलीचं नळीत. बादली भरली की गोळा वर येऊन पाणी बंद, गोळा खाली गेला की चालू. सुटलेले निपल परत दाबले. या वेळी पिनेच्या टोकाला फक्त एकेक थेंब लोंबत राहिला.

नाना जवळ जाऊन बघून आले. "हाई ठिबक नही," ते म्हणाले, "हाई गळणं शे."

उंचीचा वाद मामींनी मिटवला. कोंबडीला आपल्यासारखं पाणी ओढून गिळता येत नाही. चोचीत घोट घ्यायचा आणि मान वर करून तो घशात उतरवायचा, अशी तिची रीत. म्हणून मोठ्या पाखरांसाठी नळी डोक्याच्या वर हवी, पाय जमिनीवर टेकवून मान ताणली की चोच पोचेल इतकी. आणि पिलांसाठी वेगळी, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. मामींनी एक कोंबडी काखेत धरून नळीखाली उभी केली, मान ताणून पाहिली आणि खिळ्याची जागा कोळशाने दाखवली. शिंपीही याहून वेगळं माप घेत नाही.

कोंबड्यांनी नव्या योजनेकडे पूर्ण दुर्लक्ष केलं. परात हलवल्याशिवाय त्या शिकणार नाहीत म्हणून परात घरात नेली. थोड्याच वेळात ती खरकटं टाकायच्या निमित्ताने भरून परत आली. मामांनी मामींना रंगेहाथ पकडलं, त्यावर मामी म्हणाल्या, पाहुणे जातील, कोंबड्या राहतील. शेवटी सालदाराने वाट दाखवली: बोटाने पिना दाबत राहिला आणि थेंब उन्हात चमकवत ठेवले. चमकती वस्तू दिसली की कोंबडी चोच मारल्याशिवाय राहत नाही. उघड्या मानेची एक गावठी पुढे आली, डावा डोळा लावून पाहिलं, उजवा लावून पाहिलं, आणि टक्. तोंडात पाणी आल्यावर ती दचकून मागे सरली आणि लगेच पुन्हा पुढे आली. बाकीच्यांनी तिचं बघून घेतलं. कोंबडा सर्वांत शेवटी आला आणि योजना आपलीच असल्यासारखा आरवला.

दुपारी दोनला मात्र सगळं ठप्प. नळीखाली एकही पाखरू नाही. पिन दाबून पाहिली तर हाताला चटका. काळी नळी, काळी ती काळी आणि वर खान्देशचं ऊन. उनपदेव घरी आला होता. आप्पा आठवले. मग नळी पत्र्याच्या वळचणीखाली घेऊन तिच्यावर ओलं गोणपाट गुंडाळलं. बादलीचा प्रश्न मामींनी सोडवला. आखाजीला घरात नवी घागर आली होती, म्हणून तोटीचा रुंद तोंडाचा जुना माठ रिकामाच होता. बॉल कॉक बादलीतून निघून माठात गेला. तोटीला नळी बसेना, तेव्हा सालदाराने सायकलची जुनी ट्यूब कापून सांधा आवळला. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार राहतं. या भागाला कोणत्याही कंपनीचा सुटा भाग लागला नाही.

संध्याकाळी नाना परत आले. बराच वेळ उभे राहून त्यांनी टक्-टक् ऐकलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं की पिशवीत आणखी निपल उरलेत का; त्यांच्या घरी सुनेच्या कोंबड्या आहेत.

तुम्हाला हे करायचं असेल तर आठ-दहा कोंबड्यांना एक निपल धरा. नळी आणि माठ सावलीत ठेवा. बोअरच्या पाण्यात रेती-कचरा येत असेल तर आधी बारीक जाळी लावा, नाहीतर पिना अडकतात आणि गळायला लागतात. आठवड्यातून एकदा एंड कॅप काढून नळी धुऊन टाका. नवी नळी विकत घेऊ नका, केळीच्या बांधावर पडलेले तुकडे पुरतात. आणि गच्चीवरच्या टाकीला थेट जोडू नका, नाना काहीही म्हणोत.